काटा खोटे बोलत होता, पण एकटा नव्हता

माझ्या गाडीचे वय आता ३५ वर्षांच्या पुढे गेले आहे. कार्ब्युरेटरचे पेट्रोल इंजिन, मीटरमध्ये वेगाचे एक मोठे वर्तुळ आणि त्याच्या शेजारी एकाखाली एक बसवलेले दोन छोटे काटे, एक इंधनाचा व दुसरा इंजिनाच्या तापमानाचा, एवढाच तिच्या डॅशबोर्डाचा संसार आहे. तापमानाचा काटा वर्षानुवर्षे मध्याच्या किंचित खाली जाऊन थांबत असे आणि गाडी बंद करेपर्यंत तिथून हलत नसे. काही महिन्यांपूर्वी तो पाऊण भागापर्यंत चढू लागला. एके दिवशी वाहनांच्या गर्दीत तो तांबड्या पट्ट्याच्या कडेला टेकला आणि मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले.

बॉनेट उघडले तेव्हा वाफ नव्हती, कूलंटचा गोडसर वास नव्हता आणि कोठे थेंबही गळत नव्हता. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत मी रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, कारण दाबाखालचे गरम पाणी झाकण सैल होताच अंगावर उसळते. थंड झाल्यावर पाहिले तर पाणी काठोकाठ होते. वाफ नाही म्हणजे इंजिन तापलेले नाही, असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढण्याचा मोह मला झाला होता. परंतु तो चुकीचा ठरला असता. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर निम्मे पाणी व निम्मे कूलंट यांचे मिश्रण सुमारे एक बार दाबाच्या झाकणाखाली जवळजवळ १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे इंजिन नेहमीपेक्षा बरेच अधिक तापलेले असूनही वाफेचा मागमूस नसणे सहज शक्य असते.

हा प्रकार ऐकून एका अनुभवी स्नेह्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला दिला. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की तो न मानणे उद्धटपणाचे वाटते, तरीही मी तो मानला नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापत नाही, कार्ब्युरेटरची गाडी अधिक पेट्रोल पिते, झीज वाढते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा तळाशी पडून राहतो. म्हणजे मूळ दोष तसाच राहून वर आणखी एक दोष आपण हाताने निर्माण करतो. शिवाय माझ्यासमोरचा पहिला प्रश्न इंजिन थंड कसे करावे हा नव्हताच. ते खरोखर तापले आहे का, हेच अजून ठरायचे होते.

त्यासाठी मी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरला. हे उपकरण उपयोगी असले तरी चकचकीत ॲल्युमिनियमवर ते प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवते, कारण अशा पृष्ठभागातून उष्णता फार थोडी उत्सर्जित होते आणि थर्मामीटरला भोवतालचे प्रतिबिंबच अधिक दिसते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या मॅट रंगाचा एक लहानसा ठिपका देऊन, तो वाळल्यावर त्याच ठिपक्यावर माप घेतले. गाडी २० मिनिटे चालवून आणल्यावर तिथे ८७ अंश आले. माझ्या इंजिनातला थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागणारा आहे, त्यामुळे ८७ हा आकडा अगदी सरळ होता. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, गरम होता, खालचा त्याहून कमी गरम होता आणि हीटरमधून व्यवस्थित उष्ण हवा येत होती, म्हणजे पाणी फिरत होते. काटा मात्र पाऊण भागावर उभा होता. इंजिन निर्दोष आहे आणि काटा खोटे बोलत आहे, हे येथे सिद्ध झाले. हे माप घेण्यापूर्वी एकही सुटा भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढे मी स्वतः जे केले त्यामुळे ते अधिकच ठाम झाले आहे.

काटा तापमान दाखवतो असे आपण म्हणतो खरे, परंतु माझ्यासारख्या गाडीत तो प्रत्यक्षात विजेचा प्रवाह दाखवत असतो. इंजिनाच्या हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या जवळ, पितळेचा एक सेन्सर आटे फिरवून बसवलेला असतो आणि त्याचे टोक पाण्यात बुडालेले असते. त्याच्या पोटात असलेल्या थर्मिस्टरचा विद्युत रोध थंड असताना पुष्कळ आणि गरम झाल्यावर अगदी कमी असतो. वीज बॅटरीपासून निघून मीटरमागच्या, व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या एका स्टॅबिलायझरमधून काट्याकडे, काट्यातून एकाच वायरने सेन्सरकडे, आणि सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत उतरून अर्थमार्गे, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगातून, बॅटरीकडे परत जाते. काट्याच्या मागे दोन धातूंची एक जोडपट्टी असून तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. प्रवाह वाढला की वेटोळे तापते, पट्टी वाकते आणि काटा चढतो. या साखळीत कोठेही बिघाड झाला तरी तो आपल्याला तापमानाच्याच रूपात दिसतो, आणि माणूस बिचारा रेडिएटरकडे धावतो.

सर्वच जुन्या गाड्यांत हीच रचना असते असे नाही. चावी फिरवताच काटा झटकन आपल्या जागी गेला, तर तो बहुधा दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढीवर चालणारा असतो आणि त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. काटा आळोखेपिळोखे देत सावकाश चढला, तर तो माझ्या काट्याचा भाऊबंद समजावा. त्याहून जुन्या काही गाड्यांत वीजच नसते. इंजिनातल्या बल्बपासून एक बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत आलेली असते, आणि ती नळी पिचली किंवा मोडली की मल्टिमीटर घेऊन बसणे व्यर्थ असते.

आता माझी पहिली चूक सांगतो. सेन्सरची वायर काढून पाहण्याची चाचणी सर्वांना ठाऊक असते. चावी फिरवून वायर सेन्सरवरून काढली की काटा थंडाकडे पडला पाहिजे, आणि तीच वायर इंजिनाच्या धातूला टेकवली की तो गरमाकडे चढला पाहिजे. माझा काटा दोन्ही वेळा आज्ञाधारकपणे हलला, त्यावरून मी वायर ठीक, काटा ठीक, म्हणजे उरलेला सेन्सर खराब, असे गणित मांडले. या चाचणीतून मार्ग अखंड आहे एवढेच कळते, काटा बरोबर दाखवतो की नाही हे कळत नाही, ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षातच आली नाही. शिवाय वायर थेट धातूला टेकवल्याने काट्यातून नेहमीपेक्षा अधिक प्रवाह जातो, म्हणून ती दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नये, अन्यथा आतले नाजूक वेटोळे जळते आणि मग खोट्या काट्याऐवजी मेलेला काटा हाती येतो.

नवा सेन्सर आणून मी तो इंजिन थंड असताना बसवला. जुना काढताच पाणी वाहू लागते, म्हणून नवा हाताशी ठेवून झटपट अदलाबदल केली की फारसे पाणी जात नाही, आणि पितळेचे आटे मऊ असल्यामुळे पान्याला बळ लावण्याची गरज नसते. एवढी काळजी घेऊनही मी गळतीच्या धास्तीने आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे दिले. दुसऱ्या दिवशी काटा मध्याच्या किंचित खाली, आपल्या जुन्या जागी, येऊन थांबला. मला विलक्षण समाधान झाले आणि जुना सेन्सर मी जवळजवळ फेकूनच दिला होता.

चार दिवसांनी खडबडीत रस्त्यावर काटा नाचू लागला. मध्यावरून तळाशी, तळापासून पुन्हा वर, असा त्याचा खेळ पाहिल्यावर मल्टिमीटर काढून सेन्सरचे पितळी अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला रोध मोजला. तिथे एक ओहमसुद्धा असता कामा नये, पण आकडा चाळीस-पन्नासच्या घरात भटकत होता. सेन्सरला परतीची वायर नसते आणि आटे हाच त्याचा अर्थ असतो. मी त्याच आट्यांवर टेप गुंडाळून वाटेत अडथळा उभा केला होता. त्या वाढीव रोधामुळे प्रवाह कमी झाला आणि काटा खाली आला. म्हणजे काट्याला वर ढकलणारा मूळ दोष जिथल्या तिथे होता आणि त्याला खाली ओढणारा दुसरा दोष मी स्वतः बसवला होता. दोन चुकांची बेरीज शून्य आली आणि काटा योगायोगाने बरोबर दिसला.

हा योगायोग मला अजूनही अस्वस्थ करतो, कारण वर चुकणारा काटा आपला वेळ खातो, तर खाली चुकणारा काटा इंजिन खातो. यापूर्वीच्या एका गाडीत मी हे अनुभवले आहे. वळणावळणाच्या चढावर काटा तांबड्याकडे सरकत गेला आणि मी थांबण्याची जागा शोधत असतानाच तो आपोआप खाली आला. मला हायसे वाटले आणि मी पुढे निघालो. प्रत्यक्षात एक होज फुटून पाणी निघून गेले होते, सेन्सरचे टोक कोरडे पडले होते आणि पाण्याअभावी इंजिनाची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. त्या दिवशी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक व हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पत्रा, गेले. चढलेला काटा काही कारण नसताना झपाट्याने पडला तर ती सुटका समजू नये, ताबडतोब इंजिन बंद करावे. कूलंट बदलल्यानंतर हवा अडकून राहिली तरी सेन्सर असाच हवेत लटकतो, म्हणून पाणी भरल्यावर हवा पूर्ण काढणे हे काट्याच्या दुरुस्तीचेच एक अंग आहे.

टेप काढून सेन्सर पुन्हा बसवल्यावर काटा अपेक्षेप्रमाणे पाऊण भागावर परत गेला. आता मात्र अंदाजाने काही करायचे नाही असे ठरवून जुना सेन्सर मी पातेल्यातल्या पाण्यात सोडला. त्याचे टोक पाण्यात, वायरचे टोक बाहेर, शेजारी तळाला न टेकलेला थर्मामीटर आणि दोन्ही टोकांना मल्टिमीटर, अशी मांडणी करून मंद आंचेवर पाणी तापवत प्रत्येक टप्प्याला माप टिपून घेतले. ३० अंशांना सुमारे ६५० ओहम, ६० अंशांना २३०, ८० अंशांना १२५ आणि ९० अंशांना ९५ ओहम असे आकडे आले. ते कोठेही न अडखळता उतरत गेले आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या तक्त्याशी जुळले. हे आकडे माझ्या गाडीच्या सेन्सरचे आहेत. दुसऱ्या गाडीत ते पूर्णपणे वेगळे असू शकतात आणि बाजारात एकाच आट्यांचे पण निराळ्या रोधाचे सेन्सर मिळतात, त्यामुळे नवा सेन्सर बसला म्हणजे तो योग्यच आहे, असेही समजता येत नाही. माझा जुना सेन्सर निर्दोष होता, एवढे पातेल्याने सिद्ध केले.

पुढची चाचणी मी खरे तर सर्वांत आधी करायला हवी होती. ९० अंशांना सेन्सरचा रोध साधारण १०० ओहम असतो हे कळल्यावर मी १०० ओहमचा, दोन वॅट क्षमतेचा एक साधा रेझिस्टर घेतला, सेन्सरची वायर काढून ती रेझिस्टरच्या एका टोकाला आणि दुसरे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडले. काट्याच्या दृष्टीने आता इंजिन ९० अंशांच्या आसपास होते आणि सेन्सर, त्याचे आटे व इंजिनाचा अर्थ हे तिन्ही वादातून बाद झाले होते. इंजिन चालू करून दोन मिनिटे वाट पाहिली. काटा सावकाश चढला आणि पाऊण भाग ओलांडून तांबड्याच्या कडेला गेला. दोष बॉनेटखाली नव्हताच, तो डॅशबोर्डामागे होता.

डॅशबोर्डामागे नेमका कोठे, हे मला पेट्रोलने शिकवले. रेझिस्टरच्या चाचणीनंतर तीन दिवसांनी गाडी रस्त्यात बंद पडली. इंधनाचा काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी कोरडी होती. तोवर गेले काही आठवडे मी गाडीचे ॲव्हरेज सुधारल्याच्या आनंदात होतो, आणि त्याचे श्रेय नव्या स्पार्क प्लगना देऊन मोकळाही झालो होतो. इंधनाचा काटाही त्याच जातीचा, त्याच्या पट्टीलाही तेच वेटोळे आणि त्यालाही वीज त्याच स्टॅबिलायझरमधून मिळते. दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेला चुकत असतील, तर दोघांच्या सेन्सरवर संशय घेण्यात अर्थ नसतो, दोघांना जे समाईक आहे तिथेच पाहायचे असते. पुरावा इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर, शेजारच्याच वर्तुळात होता.

हा स्टॅबिलायझर म्हणजे आगपेटीपेक्षा लहान, पत्र्याची डबी असते. गाडीतला व्होल्टेज इंजिन बंद असताना १२ च्या आसपास आणि चालू असताना १४ पर्यंत असतो, आणि वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एवढ्या फरकानेही काटा बराच सरकतो. तो फरक काट्यापर्यंत पोहोचू नये म्हणून डबीत आणखी एक जोडपट्टी आणि तिच्याभोवती तापणारे वेटोळे बसवलेले असते. वेटोळे तापले की पट्टी वाकून संपर्क तुटतो, थंड झाले की पुन्हा जुळतो, आणि या सततच्या उघडझापीतून काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळतात. काही गाड्यांत ही सरासरी ५ व्होल्ट असते. काटे जात्याच मंद असल्याने ही उघडझाप त्यांच्या हालचालीत दिसत नाही. या डबीचे मर्म असे की आतल्या वेटोळ्याला तापण्यासाठी स्वतःचा अर्थ लागतो, आणि तो तिच्या पत्र्याला धरून ठेवणाऱ्या एकाच स्क्रूमधून मिळतो. तो अर्थ तुटला तर वेटोळे तापत नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज काट्यांकडे जातो. डबी बिघडल्यावर काटे मरतील अशी आपली समजूत असते. येथे ते उलट अधिक उत्साहाने चढतात.

बॅटरीचे टोक काढून, स्पीडोमीटरची केबल मागून सोडवून मी मीटर बाहेर ओढले. मागे पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या पट्ट्या छापलेल्या असतात आणि वयामुळे त्या इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की घाईने ओढल्यास नवा बिघाड निश्चित होतो. मीटर तसेच बाहेर लटकत ठेवून, बॅटरी जोडून, इंजिन चालू केले आणि डबीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. निर्दोष डबीवर डिजिटल मीटरचे आकडे शून्य ते बारा असे उड्या मारतात, आणि साधा टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकतो. माझ्या मल्टिमीटरवर १३.८ हा आकडा स्थिर उभा होता. डबीच्या पत्र्याला एक वायर लावून ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडली, तेव्हा काही सेकंदांत आकडे उड्या मारू लागले.

स्क्रू काढला तेव्हा त्याच्या डोक्याखाली पांढरट हिरवी भुकटी जमली होती आणि पत्र्यावर गंजाचे वर्तुळ उमटले होते. ते पॉलिश पेपरने घासून लख्ख केले, स्क्रूखाली दातेरी वॉशर टाकला आणि डबीपासून बॉडीच्या एका स्वच्छ बोल्टपर्यंत वेगळी वायर ओढली, म्हणजे स्क्रू पुन्हा गंजला तरी अर्थ टिकून राहील. आतले संपर्क जळलेले असते, तर डबीच बदलावी लागली असती. ऋण अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीत कित्येक जण ७८१० क्रमांकाचा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वापरतात आणि तो उत्तम चालतो, परंतु जुनी डबी चालत असताना ती काढावी असे मला वाटले नाही.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थ पट्टीही मी त्याच दिवशी तपासली, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला बॉडीशी विजेचे दुसरे खात्रीचे नाते नसते. हेडलाइट व ब्लोअर लावताच तापमानाचा काटा हलत असेल तर आधी या पट्टीवर आणि बॉडीकडे जाणाऱ्या बॅटरीच्या अर्थ केबलवर संशय घ्यावा. स्टार्टर फिरत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात काही दशांश व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर त्या वाटेवरचे सांधे काढून घासावेत. माझ्याकडे तो फरक नगण्य होता.

मीटर जागेवर बसवून पुन्हा २० मिनिटांची फेरी मारली. काळ्या ठिपक्यावर ८८ अंश आले आणि काटा मध्याच्या किंचित खाली थांबला. मीटरच्या काचेवर त्या जागेसमोर पांढऱ्या टेपची तांदळाएवढी खूण मी लावून ठेवली आहे, म्हणजे काटा पुन्हा सरकू लागला तर किती सरकला हे आठवणीवर अवलंबून राहणार नाही. नवा सेन्सर गाडीतच राहिला आहे आणि जुना, त्याच्या मापांच्या कागदासह, एका वेगळ्या डब्यात ठेवला आहे. ॲव्हरेज अर्थातच पूर्वीइतकेच निघाले. इंधनाचा काटा पाव टाकीच्या खाली अजून थोडा अडखळतो. पण तो टाकीतल्या फ्लोटचा दोष आहे, आणि तापमानाच्या काट्याचा त्यात काही हात नाही, हे या खेपेला मी आधी तपासून घेतले.